उतारा

साखरेचं पोल, म्हणजे तिच्यातल्या शुद्ध साखरेचा टक्का, काढायचं तर आधी २६ ग्रॅम साखर तोलावी लागते. आमच्या भाषेत याला नॉर्मल वेट म्हणतात. निकेलच्या वाटीत २६.००० ग्रॅम घ्यायची, पाण्यात विरघळवून बरोबर १०० मिली करायची, नळीत भरायची आणि पोलरीमीटरला, म्हणजे प्रकाश किती वळतो त्यावरून साखर मोजणाऱ्या यंत्राला, लावायची. साखर शंभर टक्के शुद्ध असेल तर काट्यावर १०० दिसतं. आपल्याकडच्या पांढऱ्या साखरेचं ९९.८ च्या आसपास येतं. गेली तेवीस वर्षं, हंगामाच्या प्रत्येक पाळीत, मी हे करत आलोय. पंचगंगेच्या खोऱ्यातल्या एका सहकारी कारखान्यात लॅब केमिस्ट आहे. रसातली साखर, चोथ्यातली साखर, मळीतली साखर, गाळातली साखर, सगळी माझ्या हाताखालून जाते. राहिली होती फक्त माझ्या रक्तातली.

ती ऑक्टोबर २०२२ मध्ये मोजली गेली. बॉयलर पेटायच्या आधी कामगारांची आरोग्य तपासणी असते. कँटीनच्या हॉलमध्ये टेबलं मांडतात, वजनकाटा ठेवतात, रक्त घेतात आणि आठवड्याने कागद हातात देतात. दरवर्षी तो कागद घडी घालून खिशात जायचा. त्या वर्षी एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची लांब मुदतीची तपासणी, पहिल्यांदाच केली होती. ६.३. उपाशीपोटीची साखर ११२. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २४८. वजन ८३ किलो, उंची पाच फूट सहा इंच, कमरेचा घेर १०१ सेंटीमीटर. पुढे सोनोग्राफी केली तेव्हा यकृतावर चरबी, ग्रेड वन.

तालुक्याच्या डॉक्टरांनी कागद उलटासुलटा करून पाहिला. ५.७ च्या खाली असेल तर ठीक, ६.५ किंवा त्याच्या वर गेली की मधुमेह, तुम्ही मधल्या पट्ट्यात आणि वरच्या टोकाला आहात, म्हणाले. तांबड्या पेशी साधारण चार महिने जगतात, त्यांना चिकटलेली साखर मोजतात, म्हणून आदल्या दिवशी उपास करून हा आकडा फसत नाही. मग विचारलं, "काम कुठं करता?"

सांगितलं. ते हसले नाहीत याचं मला बरं वाटलं. फक्त म्हणाले, "मग मोजायला तुम्हाला शिकवायला नको. आठवडाभर स्वतःचं मोजा आणि या."

माझ्या वडिलांना शुगर होती. शेवटी उजव्या पायाचा अंगठा काढावा लागला. जखम भरेना, पायाला कळेना, चप्पल घासून फोड आलाय हे त्यांना पायमोजा रक्ताने भरल्यावर समजलं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नव्हती.

मोजायला घेतलं. पहिला धक्का चमच्याचा. लॅबमधला चहाचा स्टीलचा चमचा, मामा भरतात तसा शिगोशीग, काट्यावर ठेवला: ६.८ ग्रॅम. मामा म्हणजे आमचे सगळ्यात जुने लॅबबॉय, चहा त्यांच्याच हातचा. कपाला दोन चमचे. दिवसाला सात कप, चार कारखान्यात, तीन घरी. ९५ ग्रॅम इथेच झाली. चहाबरोबर ग्लुकोजची बिस्किटं, त्यांच्यात पाव हिस्सा साखर असते हे पुड्यावर छापलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं. आठ बिस्किटं म्हणजे १० ग्रॅम. आणि रात्रपाळीहून आलो की तूप-साखर-पोळीची सुरळी. ही मी जेवण समजतच नव्हतो. आठवड्याची सरासरी निघाली दिवसाला १२८ ग्रॅम.

जवळजवळ पाच नॉर्मल वेट! मी त्या पाच वाट्या एका रात्री, दोनच्या सुमाराला, लॅबच्या ओट्यावर खरंच तोलून ओळीत मांडल्या. मामांनी विचारलं, "सायेब, पाच सँपल कुठली आली?" म्हटलं, "एकाच पार्टीची हायेत."

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घातलेल्या साखरेसाठी मर्यादा सांगितली आहे: रोजच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांपेक्षा कमी, जमलं तर ५ टक्क्यांच्याही आत. दोन हजार कॅलरी खाणाऱ्याला ते अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम पडतं. ह्यात मध आणि फळांचा रसही धरतात, अख्खं फळ धरत नाहीत. २५ ग्रॅम! म्हणजे मी आयुष्यभर ज्या वाटीत साखर तोलली, ती वाटी हाच माणसाचा दिवसाचा शिधा होता.

कारखान्यात साखरेचा ताळेबंद असतो. उसातून आत किती आली, पोत्यात किती गेली, चोथ्यात, गाळात, मळीत किती गेली. एवढं करून जी सापडत नाही तिला अननोन लॉस म्हणतात, आणि ती जरा वाढली की चीफ केमिस्ट डोकं खातात. तोच तक्ता मी घरासाठी मांडला. घरात पाच माणसं: मी, बायको, आई आणि दोन मुलं. सभासद म्हणून साखर सवलतीच्या दरात मिळते, त्यामुळे डब्याला तळ कधी दिसलेलाच नव्हता. महिन्याला ९ किलो, म्हणजे दिवसाला ३०० ग्रॅम. चहा १२०, मुलांचं दूध ४०, शिरा-शिकरण-खीर सरासरी ३०, दह्यात, सरबतात, आमटीत मिळून २०. बेरीज २१०. नव्वद ग्रॅम बेपत्ता. तीस टक्के अननोन लॉस! कारखान्यात असं झालं असतं तर माझी नोकरी गेली असती.

चार दिवस पाळत ठेवली. पंचवीस मीच, त्या सुरळीतून. धाकटा शाळेतून आला की पोळीवर साखर घेतो, ती पस्तीस. आणि तीस ग्रॅम आई रोज सकाळी परसात, तुळशीच्या मागे, मुंग्यांच्या वारुळावर घालते. वडील गेल्यापासून घालते. मला नऊ वर्षांत माहीत नव्हतं.

"तेवढ्यानं काय कारखाना बुडतोय व्हय?" आई म्हणाली. मी काही बोललो नाही.

आता शरीरात काय होतं ते. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला वाटलं हे आपलंच चाललंय. साखर म्हणजे सुक्रोज, एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज यांची जोडी. आम्ही हंगामभर धडपडतो ती ही जोडी तुटू नये म्हणून. रस आंबट झाला, तापला, ऊस तोडून दोन-तीन दिवस गाडीत वाळला की ती तुटते. त्याला इन्व्हर्जन म्हणतात आणि उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, पडतो. पोटात गेल्यावर लहान आतड्यातलं विकर हीच तोडफोड झटक्यात करतं. ग्लुकोज रक्तात जातं, तिथून पेशींत शिरायला इन्शुलिन लागतं. फ्रुक्टोज मात्र बहुतेक सगळं यकृताच्या दारात जातं. थोडं असेल तर यकृत निभावतं. कप-कप करून रोज येत राहिलं, आणि अंगाला हालचाल नसेल, तर यकृत त्याची चरबी करतं. काही तिथेच साठते, काही ट्रायग्लिसराइड बनून रक्तात फिरते. चरबीने भरलेलं यकृत इन्शुलिनचं ऐकत नाही. मग स्वादुपिंड आणखी इन्शुलिन सोडतं, ते वर्षानुवर्षं चालतं आणि एक दिवस दमतं. माझी साखर, ट्रायग्लिसराइड आणि यकृत, तिन्हींचा कागद हेच सांगत होता.

दाताचंही तेच. शिळ्या उसात एक जिवाणू वाढतो, तो साखरेपासून डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ बनवतो. साखर शिजवायच्या पॅनमध्ये तो आला की दाणा बिघडतो, गाळणी तुंबते, सगळ्यांची रात्र खराब होते. दातांवरचे जिवाणू साखरेपासून त्याच जातीचा चिकटा बनवतात, त्याच्या आधाराने दातांना चिकटून बसतात आणि खाली आम्ल सोडतात. माझी दोन रूट कॅनॉल झालीत. त्या दाताच्या डॉक्टरांना मी डेक्स्ट्रानबद्दल सांगायला गेलो होतो, तोंडात कापूस असल्यामुळे राहिलं.

कमी करायची पद्धत मी माझ्या हिशेबाने ठरवली. एकदम बंद करणारे मी पाहिले आहेत. संकष्टीला सोडतात आणि पुढच्या संकष्टीच्या मोदकाला धरतात. मी पुड्या बांधल्या. लॅबमधल्या बटर पेपरच्या छोट्या पुड्या, एका कपाला एक. पहिला आठवडा १० ग्रॅमच्या, मग ८, मग ६, मग ४, मग २. सहाव्या आठवड्यात पुडीच नाही. कप सातावरून चारावर आणले. मामांकडे रोज पुड्यांची डबी सोपवायची. त्यांना तो खेळच झाला. "आज किती नंबरी, सायेब?" विचारायचे. घरी मात्र आईने कपाळाला हात लावला. "गुंजा घालून साखर तोलतोय ह्यो. सोनं हाय का ती?"

दुसऱ्या आठवड्यात डोकं दुखायला लागलं. दुपारी चार वाजता कपाळावर कुणीतरी पट्टी आवळल्यासारखं. शिवाय चिडचिड. एका स्लिपबॉयवर विनाकारण ओरडलो, नंतर जाऊन त्याला चहा पाजला, त्याच्यात साखर घालून. ही डोकेदुखी साखरेची की चहाची हे मला ठरवता आलं नाही, कारण मी दोन्ही एकदम कमी केले होते. एका वेळी दोन घटक बदलले की निष्कर्ष काढता येत नाही, ही लॅबमधली पहिली शिकवण, आणि तीच मी मोडली. आठ-दहा दिवसांत दुखणं थांबलं.

बिनसाखरेचा पहिला चहा म्हणजे उकळलेला पाला. तिसऱ्या दिवशीही पाला. साधारण पंधरा दिवसांनी त्यात आलं लागायला लागलं, मग दूध लागायला लागलं. दुधाला स्वतःची गोडी असते हे वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं! तोवर चेष्टाही खूप झाली. साखर कारखान्याचा माणूस फिका चहा पितो म्हणजे वारकऱ्याने माळ काढल्यासारखं. शेती खात्यातला एक मित्र तर म्हणाला, "लेका, तुझ्यासारखे शंभर झाले तर आमचा बोनस गेला." त्याला गणित सांगितलं: देशात वर्षाला साधारण २८० लाख टन साखर खपते, १४० कोटींनी भागलं तर माणशी २० किलो, दिवसाला ५५ ग्रॅम. त्यात मिठाई, बिस्किटं, थंड पेयं सगळं आलं. मी एकटा सव्वादोन-अडीच माणसांची खात होतो. माझ्यामुळे कारखाना बंद पडायचा नाही.

त्याच काळात आईने गुळाचा चहा पुढे केला. कोल्हापूरच्या मातीत गुळाला वाईट म्हणणं म्हणजे जातीबाहेर जाणं. "गूळ खा की मग. गुळानं काय होत न्हाई." बाजारातून आणलेल्या पिवळ्याधमक ढेपेतला खडा मी डब्यात घालून कामावर नेला. २६ ग्रॅम तोलला, निवळून घेतला, नळी लावली. पोल ७९. शिवाय आधीच तुटलेली साखर, ग्लुकोज-फ्रुक्टोज, दहाच्या घरात. थोडं लोह आणि क्षार असतात हे खरं, पण चहातल्या खड्यातून मिळणारं लोह मोजायला आमच्याकडचा काटा पुरणार नाही. आईला आकडा सांगितला. ती म्हणाली, "तुझं मशीन इंग्रजी हाय." मशीन खरंच जर्मन होतं.

शुगर-फ्रीच्या गोळ्याही दोन आठवडे घेऊन पाहिल्या. जिभेच्या मागच्या बाजूला एक धातूची चव राहते. सोडल्या. पुढे मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेच वजन ताब्यात ठेवण्यासाठी अशा गोळ्या वापरू नका असं सांगितलं. ज्यांना आधीपासून मधुमेह आहे त्यांच्यासाठी ती सूचना नव्हती. मी चवीमुळे सोडल्या, शास्त्रामुळे सोडल्या असं सांगून उगाच मोठेपणा घेत नाही.

गावात फिकं पिणं सगळ्यात अवघड. लॅबमध्ये पुडी चालते. पाहुण्यांच्या सोप्यावर बसल्यावर ताटलीत कप येतो तो साखर घालूनच येतो. "साखर नको" म्हटलं की आधी काळजी, "शुगर झाली काय वं?", आणि नाही म्हटलं की राग, "मग का नको? आमची गोड लागत नाही?" बायकोने यावर तोडगा काढला. ती दारातूनच सांगायची, "यांना चहा नको, ताक असलं तर द्या." ताक मागितल्यावर कुणाचा अपमान होत नाही, उलट घरातलं दुभतं विचारल्याचा आनंद होतो.

त्या हंगामात एक दृश्य रोज डोळ्यांपुढे असायचं. गव्हाणीच्या, म्हणजे कारखान्यात ऊस टाकायच्या जागेच्या, रांगेत बैलगाड्या उभ्या असतात, बीडकडची ऊसतोड माणसं चुलीवर चहा करतात, तो पाकासारखा गोड. बायकाही तोच पितात आणि परत फडात जाऊन डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीवर चढतात. पहाटे चारपासून हे चाललेलं असतं. त्यांची साखर अंगात राहायला जागाच सापडत नाही. मी तोच चहा पिऊन स्टुलावर बसून नळीत डोकावायचो. हिशेब पटला म्हणून जेवणानंतर वीस मिनिटं कॉलनीला फेऱ्या मारायला लागलो, पाळी कुठलीही असो. भात अर्धा केला, ज्वारीची भाकरी आणि उसळ वाढवली. कारण नुसत्या साखरेवर सगळं खापर फोडणंही खरं नाही. वडिलांचा वारसा, सुटलेलं पोट, रात्रपाळ्या, भाताचे डोंगर, सगळ्यांनी मिळून ६.३ केलं होतं. साखर त्यातली सगळ्यात सहज काढता येण्यासारखी वीट होती.

संक्रांतीला घसरलो. तिळाच्या वड्या, एका बसणीत नऊ. मुद्दाम तक्त्यात लिहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्य.

फेब्रुवारी २०२३ मध्ये रक्त दिलं. एचबीए१सी ५.९, ट्रायग्लिसराइड १७१, वजन साडेअठ्ठ्याहत्तर. ऑगस्टमध्ये ५.८ आणि ७६ किलो. यकृताची चरबी सोनोग्राफीत "नाहीशी" असं आलं. डॉक्टरांनी बिगर-औषधाचं चालू ठेवा म्हटलं, सहा महिन्यांनी या म्हटलं. ५.८ म्हणजे अजून मधल्याच पट्ट्यात, फक्त खालच्या टोकाला. माझ्यासारखे किती असतील ते त्याच वर्षी जूनमध्ये वाचलं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सुमारे १०.१ कोटी आणि मधल्या पट्ट्यातले १३.६ कोटी लोक, असा अंदाज होता. आमच्या कारखान्यातल्या त्या वर्षीच्या कागदांच्या घड्या किती खिशांत गेल्या असतील कोण जाणे. मी तेव्हापासून लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला कागद दाखवायला सांगतो. काही जण आता लॅबच्या दारावरून जातानाच वळतात.

गेल्या दिवाळीला सवलतीची साखर आली तेव्हा घरातल्या डब्यात आधीचीच अर्धी शिल्लक होती. महिन्याचा खप ९ वरून ४ किलोवर आला आहे. मुलांचं दूध बिनसाखरेचं झालं, धाकट्याने पोळीवर साखरेऐवजी शेंगदाण्याची चटणी घ्यायला सुरुवात केली, तीही भांडून. बायको चहात अर्धा चमचा घेते, आई दोन, पंचाहत्तरीच्या माणसाला मी शिकवत नाही. मांडलेला ताळेबंद मी अजून महिन्याच्या शेवटी भरतो. मुंग्यांचे ३० ग्रॅम त्यात वेगळ्या रकान्यात घेतले आहेत, त्यामुळे अननोन लॉस आता दोन टक्क्यांच्या आत येतो.